जुन्या बॉम्बर विमानांचे सुटे भाग आणि जमिनीवरील साधने : सांगली-साताऱ्याच्या लघुउद्योजकांसाठी मार्गदर्शन

सांगली, मिरज-कुपवाड, पलूस आणि सातारा येथील औद्योगिक वसाहतींत पंप, डिझेल इंजिने, साखर कारखान्यांची यंत्रसामग्री आणि वाहनांचे भाग बनवणारी असंख्य लहान वर्कशॉप आहेत. त्यांच्या मालकांपैकी अनेकांना संरक्षण क्षेत्राची कामे घ्यावीशी वाटतात. मात्र विमानाच्या सुट्या भागांचा विषय निघाला की एकतर तो आवाक्याबाहेरचा समजून सोडून दिला जातो, किंवा “नमुना आणून द्या, हुबेहूब बनवून देतो” असे धाडसी उत्तर दिले जाते. दोन्ही भूमिका चुकीच्या आहेत. नमुन्यासारखा दिसणारा भाग बनवणे ही या कामातली सर्वांत सोपी पायरी आहे. तो भाग कोणत्या धातूचा आहे, कोणत्या प्रक्रियांतून गेला आहे आणि कोणी तपासला आहे हे कागदावर सिद्ध करणे हे खरे काम आहे, आणि पुढील मार्गदर्शनाचा भर त्यावरच आहे.

आधी एका जुन्या विमानाचा पुरवठा समजून घ्यावा

अनेक दशके सेवेत राहिलेल्या विमानाला सुटे भाग कोठून मिळतात, हे समजण्यासाठी अमेरिकेच्या बोइंग बी-५२ एवढे बोलके उदाहरण नाही. या बॉम्बफेकी विमानाचे पहिले उड्डाण १५ एप्रिल १९५२ रोजी झाले, १९५५ मध्ये ते हवाई दलात दाखल झाले, आणि एकूण ७४४ विमाने बांधून झाल्यावर १९६२ मध्ये उत्पादन बंद झाले. आज उरलेली ७६ विमाने ‘एच’ या शेवटच्या प्रकारची आहेत आणि ती २०५० च्या दशकापर्यंत वापरण्याचे नियोजन आहे. म्हणजे कारखान्यातले जिग आणि फिक्श्चर मोडीत निघाल्यानंतर जवळपास नव्वद वर्षे हे विमान उडते ठेवायचे आहे.

अशा विमानाला भाग चार वाटांनी मिळतात. मूळ पुरवठादार अजून उत्पादन करत असेल तर त्याच्याकडून घेणे ही पहिली वाट; पण साठ वर्षांत असे कितीतरी पुरवठादार बंद पडतात किंवा दुसऱ्या व्यवसायात जातात. दुसरी वाट निवृत्त विमानांची. अॅरिझोनातील टूसॉन येथे, कोरड्या हवेत आणि कठीण जमिनीवर, हजारो निवृत्त विमाने जपून ठेवली जातात, आणि लागतील तसे भाग नोंद करून काढले जातात. तेथे साठवलेली दोन बी-५२ विमाने तर २०१५ आणि २०१९ मध्ये पुन्हा उडवून सेवेत आणली गेली. तिसरी वाट म्हणजे तेच इंजिन किंवा तोच पंप वापरणाऱ्या इतर विमानांची. बी-५२ ची आठ टीएफ३३ इंजिने सी-१४१ मालवाहू विमानावर आणि केसी-१३५ ई या इंधनवाहू विमानावरही होती, त्यामुळे ती विमाने निवृत्त झाल्यावर त्यांच्या इंजिनांचा साठा बी-५२ च्या उपयोगी पडला. तरीही तो साठा कायम पुरणारा नव्हता, म्हणून सप्टेंबर २०२१ मध्ये रोल्स-रॉइसच्या एफ१३० इंजिनांची निवड झाली. चौथी वाट म्हणजे भाग नव्याने बनवून घेणे, आणि लहान कारखानदाराचा संबंध फक्त या चौथ्या वाटेशी येतो.

बी-५२ चे भाग सांगलीत बनवावेत असे येथे सुचवायचे नाही. त्या विमानाची ड्रॉइंग अमेरिकेच्या शस्त्रनिर्यात कायद्याखाली येतात आणि परवान्याशिवाय देशाबाहेर जात नाहीत. कोणी इंटरनेटवरून मिळालेले ड्रॉइंग दाखवून काम देऊ केले, तर ते नाकारावे. मात्र हाच प्रश्न आपल्या हवाई दलापुढेही आहे. कॅनबेरा हे बॉम्बफेकी विमान आपण १९५७ पासून मे २००७ पर्यंत, म्हणजे अर्धे शतक वापरले. खोल शिरून हल्ला करणारे जग्वार १९७९ पासून सेवेत आहे; फ्रान्स, ब्रिटन आणि ओमान यांनी ते निवृत्त केल्यावर आता भारत हाच त्याचा एकमेव वापरकर्ता उरला आहे. जगात दुसरा ग्राहकच नसलेल्या विमानाचा भाग कोणी बाहेरचा कारखाना आपल्यासाठी आनंदाने बनवेल, ही अपेक्षा व्यर्थ आहे. म्हणूनच येथील कौशल्याला या क्षेत्रात जागा आहे.

सुरुवात जमिनीवरच्या साधनांपासून

माझे स्पष्ट मत असे आहे की नव्या पुरवठादाराने पहिली दोन-तीन वर्षे विमानावर बसणाऱ्या भागांच्या मागे लागू नये. विमान ओढणे, उचलणे, त्याला वीज, हवा आणि हायड्रॉलिक दाब पुरवणे यासाठी लागणारी जमिनीवरची साधने आपल्या फॅब्रिकेशन, पंप आणि जनरेटरच्या अनुभवाला जवळची आहेत, त्यांची मंजुरी तुलनेने सुलभ असते, आणि त्यातून ग्राहकाची तपासणीची पद्धत अंगवळणी पडते.

या साधनांचे महत्त्व मात्र कमी लेखू नये. बी-५२ ला जमिनीवर वीज देणारे स्वतःचे लहान इंजिन नाही. त्यामुळे बाहेरून वीज आणि हवा देणारी गाडी बंद पडली तर नेहमीच्या पद्धतीने ते विमान सुरूच होत नाही. त्याच्या मुख्य चाकांच्या चार जोड्या धडाखाली पुढे-मागे असतात आणि सुमारे ५६ मीटर लांबीच्या पंखांच्या टोकांशी आधाराची लहान चाके असतात, म्हणून त्याच्या जॅकची आणि ओढण्याची जुळणी इतर विमानांहून वेगळी असते. तात्पर्य, प्रत्येक साधन विशिष्ट विमानासाठी बनते. “सर्व विमानांना चालणारा” टो-बार ही जाहिरातीची भाषा आहे.

टो-बार, म्हणजे विमान ओढण्याचा दांडा, हे चांगले पहिले काम ठरू शकते. त्यात एक शिअर पिन असते. ट्रॅक्टरने जास्त ओढ दिली किंवा चाक मर्यादेपलीकडे वळवले, तर लँडिंग गिअरला इजा होण्याआधी ती पिन तुटावी अशी रचना असते. आपल्याकडे उसाच्या ट्रॉलीची पिन तुटली की पुढची पिन अधिक जाड आणि अधिक कडक बसवण्याची रीत आहे. तीच सवय येथे लावली, तर दोनशे रुपयांच्या पिनऐवजी विमानाचा पाय तुटतो. म्हणून शिअर पिनचा धातू, तिची कडकपणाची मर्यादा आणि खाचेचा व्यास ड्रॉइंगप्रमाणेच ठेवावा, प्रत्येक लॉटमधील काही पिना प्रत्यक्ष तोडून पाहाव्यात आणि त्या किती भाराला तुटल्या याची नोंद ठेवावी. पिन अपेक्षेपेक्षा जास्त भार सहन करत असेल, तर तो लॉट नापास समजावा. हे तत्त्व जुन्या विमानाच्या बाबतीत सर्वत्र लागू होते: सांगितले आहे तेवढेच मजबूत, सांगितले आहे तेवढेच वजनदार.

जमिनीवरून वीज देणाऱ्या गाडीचा विषय थोडा अधिक विस्ताराने घ्यावा लागेल, कारण साताऱ्यात डिझेल इंजिन आणि जनसेटचे काम जाणणारे लोक आहेत. विमानाला साधारणपणे ११५/२०० व्होल्ट, तीन फेजची, ४०० हर्ट्झची वीज लागते, आणि काही विमानांना २८ व्होल्ट डीसी. जास्त फ्रिक्वेन्सीमुळे विमानातील मोटार आणि ट्रान्सफॉर्मर लहान व हलके करता येतात, हे त्यामागचे कारण. आपला नेहमीचा ५० हर्ट्झचा अल्टरनेटर १५०० आरपीएमला चार पोलचा असतो. त्याच वेगाला ४०० हर्ट्झ हवे असतील तर ३२ पोल लागतात आणि २००० आरपीएमला २४. त्यामुळे बाजारातला अल्टरनेटर घेऊन गव्हर्नर वाढवण्याने हे काम होत नाही. खास अल्टरनेटर किंवा इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर लागतो. त्याहून महत्त्वाची बाब संरक्षणाची: व्होल्टेज किंवा फ्रिक्वेन्सी ठरलेल्या पट्ट्याबाहेर गेली, फेजचा क्रम उलटला किंवा एखादी फेज गेली, तर विमानाकडे जाणारा पुरवठा आपोआप आणि तत्काळ तुटला पाहिजे. विमानातील जुनी उपकरणे परत मिळत नाहीत, आणि एका चुकीच्या झटक्यात ती कायमची जातात. गाडी ग्राहकाकडे पाठवण्यापूर्वी लोड बँकवर (कृत्रिम विद्युत भार देणाऱ्या यंत्रावर) पूर्ण भार अचानक देऊन आणि अचानक काढून तिचे वर्तन नोंदवावे.

इंजिन सुरू करण्यासाठी हवा देणाऱ्या गाडीत दाब फारसा नसतो, साधारण ४० पीएसआयच्या आसपास. परंतु हवेचे प्रमाण प्रचंड असते. गॅरेजचा कॉम्प्रेसर याहून कितीतरी जास्त दाब देतो, पण त्याची टाकी काही क्षणांत रिकामी होईल. ज्यांनी फक्त पंप आणि पाण्याचे काम केले आहे त्यांनी येथे तज्ज्ञ भागीदार घ्यावा.

हायड्रॉलिक टेस्ट ट्रॉलीत पंपापेक्षा तेलाची स्वच्छता मोठी कसोटी असते. तेलातील कण एनएएस १६३८ च्या वर्गांनुसार मोजले जातात, आणि करारात जो वर्ग मागितला असेल तो ट्रॉलीच्या नळीच्या टोकाशी मिळाला पाहिजे, केवळ टाकीत नव्हे. वेल्डिंगचा स्केल (पापुद्रा) पाइपच्या आत राहिला, तर तो आधी विमानाच्या व्हॉल्व्हमध्ये जातो. पाइप आतून साफ करून, फ्लश करून, दोन्ही टोके टोपणाने बंद करूनच जोडावेत.

टायर आणि शॉक स्ट्रटसाठी नायट्रोजन वापरला जातो, कारण तो कोरडा असतो आणि आगीला मदत करत नाही; त्या ट्रॉलीची जोडणी अशी असावी की ऑक्सिजनचा सिलिंडर तिला चुकूनही लागणार नाही. शिड्या, कामाचे प्लॅटफॉर्म, चॉक आणि इंजिनची झाकणे ही कामे सोपी आहेत, पण त्यांतही सुटा राहणारा एकही तुकडा चालत नाही. प्रत्येक लॉकपिन तारेने मूळ सांगाड्याला बांधलेली असावी, कारण धावपट्टीवर पडलेली छोटी पिन इंजिनात ओढली गेली तर इंजिन जाते. जॅकबाबत एवढेच सांगतो की रॅमवरची सेफ्टी लॉकरिंग नसलेला किंवा क्षमतेपेक्षा जास्त भाराची चाचणी न झालेला जॅक विमानाखाली लावू नये, आणि तसा जॅक विकूही नये. शस्त्रे उचलण्याच्या ट्रॉल्यांचे काम नव्या पुरवठादाराने सुरुवातीला घेऊ नये.

क्रमांक वाचायला शिकावे

चौकशीपत्रात भागाचे नाव अनेकदा अपुरे असते. क्रमांक मात्र पुष्कळ सांगतो. पाश्चात्त्य पद्धतीच्या साठ्यात प्रत्येक वस्तूला १३ अंकी क्रमांक असतो. पहिले चार अंक वस्तूचा वर्ग सांगतात: १५६० म्हणजे विमानाच्या सांगाड्याचे भाग, १६२० लँडिंग गिअरचे, १६३० चाक आणि ब्रेकचे, १७३० म्हणजे जमिनीवरची सर्व्हिसिंगची साधने, ५३०६ बोल्ट, ५३१० नट आणि वॉशर, ५३३१ ओ-रिंग. पुढचे दोन अंक क्रमांक देणारा देश सांगतात. ९९ म्हणजे ब्रिटन, १४ फ्रान्स, ७२ भारत, तर अमेरिकेसाठी ०० आणि ०१ हे दोन आहेत. ही १३ अंकी पद्धत १९७४ मध्ये आली आणि तोपर्यंत नोंदवलेल्या अमेरिकी वस्तूंना ०० मिळाले, म्हणून बी-५२ सारख्या विमानाच्या यादीत ०० वारंवार दिसतो आणि तो भागाचे वयही सांगून जातो. उरलेले सात अंक त्या वस्तूचे स्वतःचे असतात.

या क्रमांकाबरोबर उत्पादकाचा पार्ट नंबर आणि त्याची आवृत्ती पाहावी. आवृत्ती बदलली असेल तर धातू, प्लेटिंग किंवा टॉलरन्स बदललेला असू शकतो, आणि जुन्या आवृत्तीप्रमाणे बनवलेला निर्दोष भागही नाकारला जातो.

धातू, आटे, प्लेटिंग आणि रबर

जुनी पाश्चात्त्य विमाने इंचात बनलेली आहेत. एएन मालिकेच्या बोल्टचा आकडा इंचाचा सोळावा हिस्सा दाखवतो, म्हणजे एएन३ चा व्यास ३/१६ इंच आणि एएन४ चा १/४ इंच. आटे यूएनएफ किंवा यूएनजेएफ या इंची, बारीक प्रकारांचे असतात; दुसऱ्या प्रकारात आट्याच्या मुळाशी ठरावीक गोलाई असते आणि थकव्याने तडा जाऊ नये यासाठी ती आवश्यक असते. साध्या इन्सर्टने कापलेला आटा गेजमध्ये बसला तरी ती गोलाई त्यात नसते. जास्त ताकदीच्या बोल्टचे आटे हीट ट्रीटमेंटनंतर रोल केलेले मागितले असतील, तर ते कापून देणे म्हणजे ग्राहकाची फसवणूक आहे.

धातूच्या बाबतीत “त्याच्या जवळचा” हा शब्द वर्कशॉपमधून हद्दपार करावा. एन-२४ आणि ४३४० हे स्टील रचनेने जवळचे आहेत, पण विमानासाठी मागितलेले ४३४० शुद्धतेच्या वेगळ्या अटींवर तयार झालेले असते. एचई-३० हे अॅल्युमिनियम बाजारात सहज मिळते म्हणून ते २०२४ किंवा ७०७५ या विमानाच्या अॅल्युमिनियम मिश्रधातूंच्या जागी वापरता येत नाही. ७०७५ मध्येही टी६ आणि टी७३ या हीट ट्रीटमेंटच्या स्थितींत मोठा फरक आहे: टी६ ची ताकद अधिक, पण ताणाखाली गंजून तडे जाण्याचा धोकाही अधिक, म्हणून अनेक जुन्या भागांत नंतर टी७३ घेतले गेले. असा बदल अधिकृत डिझाइन संस्थाच करू शकते, कारखानदार नव्हे.

प्लेटिंग बाहेर करून घेतले जाते आणि चुका तेथेच दडतात. कडक स्टीलवर कॅडमियम चढवताना हायड्रोजन धातूत शिरतो आणि भाग वरून ठीक दिसत असताना भाराखाली अचानक तुटतो. त्यासाठी प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत भाग भट्टीत जाऊन, सुमारे १९० अंश सेल्सिअसला, अति कडक भागांच्या बाबतीत २३ तास राहावा लागतो. “संध्याकाळी प्लेटिंग झाले, सकाळी भट्टीत टाकले” असे सांगणाऱ्या प्लेटरकडे हे काम देऊ नये. भट्टीचा वेळ आणि तापमान दाखवणारा चार्ट प्रत्येक लॉटबरोबर मागावा.

रबरालाही वय असते. नायट्राइल रबराच्या ओ-रिंगला साठवणुकीत साधारण १५ वर्षांची मर्यादा मानली जाते आणि पाकिटावर ती कोणत्या तिमाहीत, कोणत्या वर्षी पक्की (क्युअर) केली ते छापलेले असते. शिवाय रबर आणि हायड्रॉलिक तेल यांची जोडी जुळावी लागते. खनिज तेलाला चालणारे नायट्राइल फॉस्फेट एस्टर तेलात फुगते. आपल्या ट्रॉलीतील सील बदलतानाही हे पाहावे.

कागदपत्रांची साखळी

एखादा भाग दहा वर्षांनी सदोष ठरला, तर धातूच्या त्याच बारमधून कापलेले इतर भाग कोणत्या विमानांवर आहेत हे त्या दिवशी सांगता आले पाहिजे. ही साखळी बार आल्याच्या दिवशी सुरू होते. मिलचे प्रमाणपत्र आणि बारवरचा हीट नंबर (धातूच्या ओताचा क्रमांक) जुळवून पाहावा, शक्य तेथे एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून रासायनिक तपासणी करून घ्यावी, आणि बार कापताना उरलेल्या तुकड्यावर तो नंबर पुन्हा ठोकावा. नंबर असलेले टोक आधी कापून टाकणे ही आपल्याकडची सर्वांत सामान्य चूक आहे. नंबर नसलेला तुकडा कितीही महाग असला तरी तो या कामातून बाद समजावा. पुढे रूट कार्डवर (कामाच्या टप्प्यांच्या पत्रकावर) प्रत्येक ऑपरेशनला कारागिराची सही, हीट ट्रीटमेंटचा चार्ट, प्लेटिंगचे प्रमाणपत्र, तडे शोधण्याच्या चाचणीचा अहवाल आणि पहिल्या नगाची प्रत्येक मापासह संपूर्ण तपासणी, ही कागदपत्रे एकाच फाइलमध्ये लॉट नंबरखाली ठेवावीत. नापास भागांसाठी लाल रंगाची, कुलूप असलेली पेटी असावी आणि ते भाग मोडून, विद्रूप करूनच भंगारात द्यावेत, नाहीतर तेच भाग फिरून बाजारात येतात.

कोणाकडे जावे

संरक्षण मंत्रालयाने ऑगस्ट २०२० मध्ये सुरू केलेल्या ‘सृजन’ पोर्टलवर आयात होणाऱ्या आणि देशात बनवून हव्या असलेल्या वस्तूंची यादी पाहता येते. आपल्या भागातून ओझर हे स्वाभाविक पहिले ठिकाण आहे, कारण तेथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा नाशिक विभाग आहे आणि हवाई दलाचा ११ क्रमांकाचा बेस रिपेअर डेपोही आहे. विमानावर बसणाऱ्या भागाची उड्डाणयोग्यता बंगळुरूच्या सेमिलॅक या संस्थेच्या कक्षेत येते आणि गुणवत्तेची तपासणी डीजीएक्यूए करते. त्यांच्या मंजुरीशिवाय कोणताही भाग, कितीही चांगला असला तरी, विमानावर बसवता येत नाही. एएस ९१०० या विमान उद्योगाच्या गुणवत्ता प्रमाणपत्राचा खर्च पहिल्या ऑर्डरआधी करण्याची घाई नको, पण त्यातील पद्धती मात्र पहिल्या दिवसापासून पाळाव्यात. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत निवृत्त सैनिकांची संख्या मोठी आहे. त्यांत हवाई दलातून एअरफ्रेम किंवा इंजिन विभागात काम केलेला तंत्रज्ञ मिळाला, तर त्याला तपासणी विभागात सन्मानाने घ्यावे. टूलबॉक्समधला प्रत्येक पाना पाळी संपताना मोजून ठेवण्याची त्याची सवय इतर कामगारांना आपोआप लागते.

साठवण आणि रवानगी

तयार भाग सांगलीत तळमजल्यावर साठवू नयेत. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत कृष्णेचे पाणी कोठवर आले हे येथील प्रत्येकाला माहीत आहे, आणि आयर्विन पुलाची पाणीपातळी वाढू लागल्यावर भाग हलवण्याची धावपळ करणे हा साठवणुकीचा मार्ग नव्हे. एकदा पुराच्या पाण्यात गेलेला बेअरिंग किंवा बोल्ट धुऊन, तेल लावून परत साठ्यात घेता येत नाही. त्याची नोंद रद्द करून तो नष्ट करावा लागतो. मूळ कागदपत्रांची स्कॅन केलेली प्रत गावाबाहेर दुसऱ्या ठिकाणी असावी, कारण कागद गेले तर कोरडा राहिलेला भागही निरुपयोगी होतो. साताऱ्याच्या पश्चिमेकडील पावसात आर्द्रता हा वेगळा शत्रू आहे: मशिन केलेले भाग उघड्या हातांनी हाताळू नयेत, गंजरोधक तेल लावून बाष्प आत न जाणाऱ्या पिशवीत, सिलिका जेलसह बंद करावेत, आणि आर्द्रता दाखवणारे रंग बदलणारे कार्ड पिशवीच्या पारदर्शक भागातून दिसेल असे ठेवावे. प्रत्येक पिशवीवर साठा क्रमांक, पार्ट नंबर आणि आवृत्ती, लॉट नंबर, हीट नंबर, नगांची संख्या, पॅकिंगची तारीख आणि रबर असल्यास ते पक्के केल्याची तिमाही लिहावी. एका पिशवीत दोन लॉट कधीही मिसळू नयेत, दोन्ही एकाच दिवशी एकाच लेथवर बनलेले असले तरीसुद्धा.